बिऱ्हाड नंबर सत्तावीस

एस्प्लनेड मेट्रोच्या जिन्यावर, ऐन ऑफिसच्या वेळेला, मागून कोणीतरी खड्या मराठीत हाक मारली, "ओ सत्तावीस!"

कोलकात्यात मराठी कानावर पडलं की माणूस आपोआप वळतो. मला तर वळणं भागच होतं, कारण सत्तावीस म्हणजे मी. चार पायऱ्या खाली शरयूताई टेंबे उभ्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फायली आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल.

"तुमचा अकरावा प्रश्न कोरा राहिलाय," त्या म्हणाल्या. "घरची आठवण आल्यावर भूक कमी होते. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी?"

मागे माणसं खोळंबली होती. मी "बरेचदा" म्हणून सुटका करून घेतली. संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "धादांत खोटं. आठवण आली की तू दोन पोळ्या जास्त खातोस." ताईंनी ती दुरुस्ती तिच्याकडून लेखी घेतली.

शरयूताई आमच्याच इमारतीत, भवानीपुरात, पहिल्या मजल्यावर राहायच्या. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आमच्या बँकेने घेऊन ठेवला होता आणि त्यात दर तीन वर्षांनी नवा अधिकारी येऊन पडायचा. ताई मात्र पक्क्या तिथल्याच. आजोबा रेल्वेच्या नोकरीला म्हणून आले, ते परत गेलेच नाहीत. ताईंचं मराठी त्या आजोबांचंच होतं. आमच्या गाडीला त्या मोटार म्हणत, सोफ्याला कोच म्हणत, आणि मध्येच "की मुश्किल" असं बंगालीत पुटपुटत. एम.ए. मानसशास्त्राचं, पण शाळेने तीस वर्षं भूगोल शिकवायला लावला. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी उपयोजित मानसशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता, बदलीच्या नोकरीमुळे कोलकात्यात आलेल्या मराठी कुटुंबांचं रुळणं.

म्हणजे आम्ही. आमचं सामान अजून ट्रकमधून उतरत होतं तेव्हा ताई थालीपीठ आणि फॉर्म घेऊन वर आल्या. थालीपीठ संपेपर्यंत त्यांनी दम धरला, मग पेन्सिल पुढे केली. अशी चाळीस कुटुंबं त्यांनी धरून ठेवली होती. पहिला फॉर्म आल्या आल्या, दुसरा वर्षभराने आणि तिसरा गाव सोडायच्या आठवड्यात. संशोधनात नावं गुप्त ठेवायची असतात. ताईंनी तो नियम इतका मनावर घेतला की त्या आम्हाला चारचौघांतही नावाने हाक मारेनात. मी सत्तावीस, बायको मेघना सत्तावीस-ब आणि आमची सात वर्षांची ओवी सत्तावीस-क. ओवीने शाळेच्या वहीवरही तेच नाव घातलं, तेव्हा बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं होतं.

मानसशास्त्र म्हटलं की लोकांना वाटतं, आता आपल्या डोक्याचा इलाज होणार. तळमजल्यावरचे घोषबाबू एकदा जिन्यात ताईंना गाठून म्हणाले, "दिदी, झोप येत नाही."

"किती दिवस?"

"सहा महिने."

"कधीकधी, बरेचदा की नेहमी?"

"नेहमी."

ताईंनी पेन्सिल काढून लिहून घेतलं. घोषबाबू आशेने बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मग काय करू?"

"ते मला कसं कळणार? मी क्लिनिकल नव्हे हो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य; क्लिनिकल म्हणजे इलाज करणारे, त्या नुसत्या अभ्यास करणाऱ्या. मुलगा अभ्यास करत नाही, सासू बोलत नाही, नवऱ्याला राग फार येतो, सगळ्यांना एकच उत्तर. पण दुसऱ्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी घोषबाबूंकडे तासभर बसायला लागल्या. घोषबाबू जुन्या फुटबॉलच्या मॅचेस पहिल्या मिनिटापासून सांगत आणि ताई, ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, मान हलवत. महिन्याभरात घोषबाबूंना झोप लागू लागली. ताई म्हणाल्या, "योगायोग. नमुना एकाचाच आहे."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी कमाल केली. बायका नटूनथटून आल्या. ताईंनी तिळगूळ दिला आणि वाण म्हणून प्रत्येकीला एकेक पेन्सिल आणि जिच्या-तिच्या फेरीचा फॉर्म. "तिळगूळ घ्या आणि खरं बोला," म्हणाल्या. न्यू टाउनहून दीड तास प्रवास करून आलेली एक नवी नवरी "मला इथे एकटं वाटतं" या सातव्या प्रश्नाशी अडली आणि तिचे डोळे भरून आले. ताईंनी तिच्या हातातला फॉर्म काढून घेतला, तिला स्वयंपाकघरात नेलं आणि पुऱ्या लाटायला बसवलं. ती मुलगी पुढे दर रविवारी पुऱ्या लाटायला यायची.

असे दिवस चांगले चालले होते. मग जुलैत माझी बदलीची ऑर्डर आली. सोलापूर. तीन वर्षांपूर्वी मी देवाला नवस बोलायचाच बाकी होतो की इथून सोडव म्हणून. आता ऑर्डर हातात घेऊन मी घरी आलो आणि जिन्यात पहिल्या मजल्यावर नकळत थांबलो. आत बायको आधीच बसलेली होती.

"तिसरा फॉर्म कधी भरू?" मी ताईंना विचारलं. मला वाटलं, आता पेन्सिल निघणार.

"बघू. घाई काय आहे," ताई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

हे काही खरं वाटेना. जी बाई अकराव्या प्रश्नासाठी मला मेट्रोच्या जिन्यावर धरते, तिला घाई नाही? आणि घाई तर होती. विद्यापीठाने त्यांना शेवटची मुदतवाढ दिली होती, दुर्गापूजेच्या सुट्ट्या लागायच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर नाव रद्द. सहा वर्षांची मेहनत होती. म्हणून एका रविवारी मी आकडे भरायला मदत करतो म्हणून खाली गेलो. कोचावर तीन गठ्ठे होते. पहिल्या फेरीचे चाळीस फॉर्म, दुसरीचे अडतीस आणि तिसरीचे चार.

"बाकीचे?"

"गळती," ताई म्हणाल्या. "माणसं जातात, मग उत्तर देत नाहीत. प्रत्येक संशोधनात होतं. गाइडनाही कळवलंय."

त्यांच्या यादीत एकोणीस नंबर म्हणजे आमच्याच फ्लॅटमध्ये आधी राहिलेले देशपांडे. ते आता नागपूरला. मला त्यांचा राग आला. तीन वर्षं ताईंच्या हातचं खाल्लं आणि एक कागद भरून दिला नाही? मी वर जाऊन त्यांना फोन लावला आणि थोडं तिखटच बोललो.

"अहो, कोण म्हणतं?" देशपांडे म्हणाले. "मी स्वतः दोनदा फॉर्म मागितला. ताई म्हणाल्या, सवडीने बघू. हावड्याला गाडीवर येते म्हणाल्या होत्या, तिथेही आल्या नाहीत. घोषबाबूंबरोबर डबा पाठवला फक्त. गाडी सुटेपर्यंत माझी बायको फलाटावर बघत होती."

मी आणखी तिघांना फोन केले. सगळीकडे तेच. डबा आला, ताई आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि मेघना खाली गेलो आणि सरळ विचारलं. ताई बराच वेळ गठ्ठ्यांच्या कडा नीट करत बसल्या.

"तिसरा फॉर्म घेतला की ते कुटुंब संपलं," त्या म्हणाल्या. "फाईल बंद करायची. पहिले चार घेतले मी. प्रत्येक वेळी फाईल बंद करून घरी बसले, आणि त्या घरचं कोणी पुन्हा दारात आलं नाही. पाचव्याला मी तोंडच चुकवलं. तुम्ही सगळे येता तेव्हा रडता, इथे करमत नाही म्हणता. मी करमवते. करमायला लागलं की तुमची ऑर्डर येते. लहानपणापासून हेच बघतेय. राहणारी मी एकटीच." मग म्हणाल्या, "कागद नसले की वाटतं, अजून आहेत."

मेघना त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि बँकेतल्या साहेबांकडूनही मी कधी ऐकला नव्हता अशा हुकमी आवाजात म्हणाली, "ताई, प्रबंध द्यायचाय. उद्या वर या. पेन्सिल घेऊन."

ताई आल्या. घरभर खोकी होती. ताई एका खोक्यावर बसल्या आणि रीतसर मोठ्याने प्रश्न वाचू लागल्या. शेवटचं विधान होतं, "हे गाव सोडताना मला वाईट वाटत आहे."

"पूर्ण सहमत," मी ताईंकडे बघत म्हणालो.

"उत्तर देताना संशोधकाकडे बघायचं नसतं," ताई म्हणाल्या आणि त्यांनीच खिडकीकडे तोंड फिरवलं.

मेघना तर रडायलाच लागली. ताई "मी क्लिनिकल नव्हे हो, मी क्लिनिकल नव्हे," असं म्हणत पेन्सिलीसकट तिचा हात धरून बसल्या. ओवीची पाळी आली तेव्हा ती बंगालीत म्हणाली, "आमी जाबो ना." मी जाणार नाही.

"हा पर्याय फॉर्मात नाही," ताई म्हणाल्या. पण त्यांनी तो समासात लिहून घेतला.

मग बाकीच्यांना फोन सुरू झाले. गाइड म्हणाले, फोनवरून घ्या, प्रबंधात तेवढी मर्यादा नोंदवा. आम्ही निघालो तेव्हा अठरा कुटुंबं बाकी होती. ताई हावड्याला आल्या. डबा स्वतःच्या हाताने दिला आणि गाडी हलेपर्यंत ओवीशी पाढ्यांवरून वाद घातला.

प्रबंध पूजेच्या आधी चार दिवस गेला. त्यांनी मला नुसता पोचपावतीचा फोटो पाठवला होता.

सोलापुरात आमचं बस्तान बसायला दिवाळी उजाडली. सगळं आपलं होतं, भाषा आपली, भाकरी आपली, आणि तरी संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबायचो. तिथे एक विमा एजंट राहत होता. त्याला वाटलं, मला पॉलिसी काढायची आहे.

एका दुपारी फोन वाजला.

"सत्तावीस? चौथी फेरी आहे."

"ताई, प्रबंध तर तीन फेऱ्यांचा होता ना? तो गेला की."

"गेला. ही वेगळी."

"गाइडनी सांगितली?"

"गाइडचा इथे काय संबंध," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वर अजून कोणी आलेलं नाही. फ्लॅट बंदच आहे. असो. प्रश्न पहिला. तिकडे करमतं का?"

मी सवयीने म्हणालो, "पर्याय वाचा ना."

"या फॉर्मात पर्याय नाहीत," ताई म्हणाल्या. "तुम्ही सावकाश सांगा. मी ऐकतेय."