पाच सावळीराम जाधव

योगेशने ऑफिसातल्या सिंधुबाईंच्या ऑर्डरच्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि रंगनाथशेठना हाक मारली. "सर, हा बघा. एकच सावळीराम जाधव पाचदा लिहिलाय. असे डबल सगळे एकाच नावावर घेतले."

बंगळुरूच्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने २००१ साली माणसं कमी केली, त्यात योगेश नाशिकला परत आला होता. सातपूरला फवारणीचे पंप बनवणाऱ्या शेठनी त्याला लगेच ठेवून घेतलं. भेटेल त्याला ते सांगत, "अमेरिकेची कामं केलेला माणूस आहे."

"बघा सिंधुबाई," शेठ म्हणाले, "अठरा वर्षांचा पसारा एका दुपारी आवरला पोरानं."

सिंधुबाईंनी चष्मा पुसून परत लावला.

पुढे द्राक्षांची छाटणी झाली, आभाळ आलं आणि फवारणीची घाई उडाली. एका सकाळी दिंडोरीकडचे चौघे शेतकरी ऑफिसात शिरले.

"पंप कुठंय आमचा? बागेवर रोग आलाय."

"नाव?"

"सावळीराम जाधव."

योगेशने पाहिलं. "तुमचे पाचही पंप सोमवारी पोचलेत."

"मला एक बी नाय भेटला."

योगेश दुसऱ्याकडे वळला. "आणि तुम्ही?"

"सावळीराम जाधव."

तिसऱ्याला विचारायचा त्याला धीर झाला नाही. वर्षात दुसरी नोकरी जाणार, हे त्याला स्वच्छ दिसलं.

सिंधुबाई जागेवरूनच म्हणाल्या, "हे विहिरीवाले, हे पहिलवान, हे मास्तर आणि हे दोन बायकांचे. वहीत कंसात लिहिलं होतं सगळं. पंप पाचव्यांकडे गेले असणार, बेरक्यांकडे."

निफाडसाठी तयार असलेले चार पंप टेम्पोत चढवून शेठ योगेशला घेऊन गावात गेले. बेरके सावळीराम घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वर ताजा रंगवलेला बोर्ड होता: 'पंपाचे अधिकृत विक्रेते'.

"या शेठ," ते म्हणाले. "मागितला एक अन् आले पाच. म्हटलं, शेठनी एजन्शी दिली आपल्याला. एक ठेवला, चार इकले. अजून अकरा जण मागं लागलेत, लवकर धाडा."

परतताना योगेशने मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला.

ऑफिसात येताच शेठ सिंधुबाईंसमोर उभे राहिले. "इतकी वर्षं झाली बाई," ते खेदाने म्हणाले, "तुमच्या हातून अशी एक चूक कधी झाली नाही."