आठ चुका आणि तेविसावा प्रश्न

सोरिनचा फायदा व्हायचा होता ऐंशी गुणांचा. सोळाशेपैकी तिला सरावात चौदाशे चाळीस पडत. समुद्रापलीकडच्या ज्या विद्यापीठात ती जाणार असे तिच्या आईने ती सहावीत असतानाच सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकले होते, त्याचे दार पंधराशे वीसला उघडत असे. पंधराशे दहाला ते दार नसून भिंत असते. अर्ज भरायची मुदत नोव्हेंबरात संपत होती आणि त्याआधीची शेवटची परीक्षा ऑक्टोबरात होती.

आईचा फायदा गुणांत मोजता येण्यासारखा नव्हता. तिचे नाव नाम ग्योंगही, पण सेऊलच्या देची भागात हे नाव वीजबिलाखेरीज कुठे छापले जात नसे. तिथे ती फक्त ‘सोरिनची आई’ होती. आयांच्या बैठकीत खुर्च्या मुलांच्या गुणांप्रमाणे लागत, आणि सोरिनच्या आईची खुर्ची सध्या स्वच्छतागृहाच्या दाराशी होती.

परीक्षा घेणारी संस्था परदेशी आणि काटकसरी होती. एक प्रश्नपत्रिका आधी स्वतःच्या देशात वापरायची आणि दोनेक वर्षांनी तीच बाकीच्या जगाला वाढायची, असा तिचा शिरस्ता होता. बंदोबस्तात मात्र तिने कधी काटकसर केली नाही. प्रश्नपत्रिकांच्या पेटीला दोन कुलुपे आणि तीन मोहरा. मोहरा कापायची कात्री वेगळ्या मोहरबंद पाकिटातून यायची. खटक्याच्या पेन्सिलीला बंदी, टिकटिक करणाऱ्या घड्याळाला बंदी. शिळ्या भाकरीला इतका कडक पहारा जगात दुसरीकडे कुठे नसेल.

सोरिनच्या अकादमीचे संचालक प्यॉन यांना पेपरफुटीची मनापासून चीड होती. “आम्ही पेपर फोडत नाही,” ते पालकांना सांगत. “आम्ही अंदाज वर्तवतो. हवामान खातं वर्तवतं तसा. फरक एवढाच, की आमचा बरोबर येतो.” वीस वर्षांतल्या सगळ्या प्रश्नपत्रिकांची त्यांनी वंशावळ तयार केली होती: कोणती कुठे जन्मली, कुठे नांदली आणि आता कुणाच्या घरी यायची वेळ झाली. यंदाच्या ऑक्टोबरात येणारी पत्रिका दोन वर्षांपूर्वी परदेशात लागली, तेव्हा अकादमीने आपली बत्तीस मुले विमानाने नेऊन तिथे परीक्षेला बसवली होती. प्रत्येकाने पाच प्रश्न पाठ करून आणायचे. बाहेर पडताच त्यांना बसमध्ये बसवून, खिडक्यांचे पडदे ओढून, जे डोक्यात असेल ते कागदावर ओतून घेतले गेले.

त्यात एकच भोक राहिले. तेविसावा प्रश्न ज्या मुलाच्या वाट्याला होता, त्याच्या आजीने उत्तरे डोक्याला चिकटून राहावीत म्हणून सकाळी त्याला चिकट मिठाई अर्धा किलो चारली होती. तो प्रश्न आणि पर्याय पाठ करून ऐन उत्तराच्या वेळी पोट धरून बाहेर पळाला. उत्तर त्याला सुचलेच नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नेहमीच्या कॅफेत आयांची बैठक भरली. बैठक चालवत होती दोह्योनची आई. जी बाई आपल्यामागे आयांचा कळप बांधते, चांगल्या शिकवण्या हेरते आणि कुणाला आत घ्यायचे ते ठरवते, तिला देचीत पाठीमागे ‘डुक्कर-आई’ म्हणतात, पिल्लांची रांग मागे घेऊन चालते म्हणून. तोंडावर ‘ताई’ म्हणतात.

विषय एकच होता: चुकांचे वाटप. सगळी मुले सोळाशे गुण घेऊन बाहेर पडली, तर संस्थेच्या संगणकाला संशय येणार. म्हणून प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरलेल्या चुका करायच्या होत्या. एका चुकीला दहा गुण कापले जात.

“सोरिनला आठ,” ताईंनी यादी वाचली.

“आठ?” सोरिनची आई दारापासून ओरडली. “दोह्योनला एक आणि आमच्या पोरीला आठ?”

“दोह्योनला सरावातच पंधराशे सत्तर पडतात हो. त्याने एक चूक केली तर कुणाला नवल नाही. तुमची सोरिन एकदम सोळाशेवर जाऊन बसली तर तो संगणक दचकेल. आपली पायरी बघून चुका घ्याव्यात माणसानं.”

“आठ म्हणजे काटेकोर पंधराशे वीस. वर एक गुण नाही. सात तरी करा ना ताई.”

“सात युनबीला दिल्यात. तिला वाढवल्या तर तिची आई रडते. मागच्या खेपेला रडली तेव्हा कॅफेवाल्याने आपल्याला उठवलं होतं, आठवतंय ना?”

युनबीच्या आईने तयारी म्हणून रुमाल काढून ठेवला.

“माझ्या दोन चुका गणितातल्या आहेत,” आणखी एक आई म्हणाली. “मला वाचनातल्या बदलून द्या. आमच्या घराण्यात गणितात कुणी चुकलेलं नाही. सासूबाईंना काय तोंड दाखवू?”

हे प्रकरण अर्धा तास चालले. शेवटी गणिताच्या दोन देऊन वाचनाच्या दोन आणि व्याकरणाची एक अशी अदलाबदल झाली. संचालक प्यॉन यांनी तिची रीतसर नोंद केली.

“आता तेविसावा,” ते खाकरून म्हणाले. परिच्छेद बंदरावर मासे विकणाऱ्या एका म्हातारीचा होता. आपला तराजू वर्षभर वजन चुकीचे दाखवत होता हे कळल्यावर ती गिऱ्हाईक शोधून शोधून पैसे परत करते आणि त्यापायी तिची टपरी जाते. प्रश्न असा: लेखकाला या म्हातारीबद्दल काय वाटते? अ, राग. ब, कीव. क, आदर. ड, काहीच नाही.

“ब,” ताई म्हणाल्या. “यात विचार कसला करायचा? स्वतःच्या हातानं टपरी घालवली बाईनं. कीवच येणार.”

अकादमीत वाचन शिकवणारे तरुण शिक्षक मागे उभे होते. त्यांनी तोंड उघडले, ताईंकडे पाहिले, संचालकांकडे पाहिले आणि जांभई आल्यासारखे करून मिटले. मतदान झाले. बावीसपैकी बावीस हात वर गेले. सोरिनच्या आईने हात वर करण्यापूर्वी परिच्छेद वाचला नव्हता, बाकीचे हात मात्र मोजले होते.

“क आहे, आई,” रात्री जेवताना सोरिन म्हणाली.

“ब ठरलंय.”

“ठरलंय म्हणजे? उत्तर काय ठरवतात का?”

“बावीस आयांनी ठरवलंय. त्यातली एक तुझी आहे. भात घे.”

“पण ती म्हातारी…”

“त्या म्हातारीला कुठल्या विद्यापीठात जायचं नाहीये, सोरिन. तुला जायचंय. दोह्योनच्या आईच्या शब्दाबाहेर गेलो तर तुझ्या धाकट्या भावाला पुढच्या वर्षी कुठल्याच गटात घेणार नाहीत. आठ चुका पाठ झाल्या का?”

“झाल्या.”

सोरिन आज्ञाधारक होती. अकादमीत तर तिने अभिनयाचाही तास पहिल्या क्रमांकाने पार केला होता: दर प्रश्नाला चाळीस सेकंद थांबणे, दोनदा कपाळाला आठ्या घालणे, एकदा चुकीचे लिहून खोडणे आणि शेवटच्या दहा मिनिटांत घाबरणे. दरम्यान, अकादमीची उत्तरे देचीतल्या बाकीच्या अकादम्यांनी चोरून आपापल्या मुलांना वाटली होती. या निर्लज्ज चोरीचा संचालक प्यॉन यांनी लेखी निषेध नोंदवला.

परीक्षेच्या दिवशी आईने समुद्रशेवाळाचे सार केले नाही. ते बुळबुळीत असते आणि ते खाल्ले की माणूस परीक्षेत घसरतो, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक असते. उत्तरे खिशात असताना घसरायचे कशावरून, हा प्रश्न तिला पडला नाही.

केंद्रावर चारशे मुले होती. पर्यवेक्षकांनी मोहरबंद पाकिटातून कात्री काढली, कात्रीने मोहरा कापल्या, दोन अधिकाऱ्यांनी दोन कुलुपे उघडली. पहिले पान उलटताच सभागृहातून एकच दीर्घ उसासा गेला. ‘उमेदवारांमध्ये योग्य ते गांभीर्य आढळले’ अशी पर्यवेक्षकांनी नोंद केली. मग चारशे मुलांनी एकाच वेळी कपाळाला आठ्या घातल्या.

सोरिनने आपल्या आठही चुका बिनचूक केल्या. मग तेविसावा आला. चाळीस सेकंद थांबायचे होते आणि नजर कुठेतरी ठेवायला हवी होती, म्हणून ती परिच्छेदावर ठेवली गेली. शेवटी एक वाक्य होते. अकादमीच्या प्रतीत ते नव्हते. कुणाच्याच वाट्याला आले नसल्यामुळे कुणीच पाठ केलेले नव्हते: ‘म्हातारी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी डोक्यावरची टोपी हातात धरून उभा होतो.’

चाळीस सेकंद होऊन गेले. तिने वाक्य पुन्हा वाचले. त्या दिवशी त्या सभागृहात कुणी खरोखर वाचलेला तो एकच प्रश्न होता. सोरिनने क रंगवला.

निकाल तीन आठवडे लांबला. मग संस्थेचे पत्रक आले. त्यात म्हटले होते, की सेऊल केंद्राच्या अपूर्व यशाने संस्था भारावली आहे. मात्र ज्या विद्यार्थ्यांनी बाकीचे जवळजवळ सगळे प्रश्न अचूक सोडवले, तेच चारशेपैकी तीनशे नव्व्याण्णव विद्यार्थी तेविसाव्या प्रश्नात एकसारखे चुकले. इतके हुशार विद्यार्थी स्वतंत्रपणे विचार करून एकाच उत्तराशी पोचत असतील, तर दोष त्यांचा नसून उत्तरसूचीचा असला पाहिजे, असा निष्कर्ष संख्याशास्त्र विभागाने काढला आहे. सबब, योग्य उत्तर ‘क’ ऐवजी ‘ब’ असे वाचावे.

दोह्योनला पंधराशे नव्वद मिळाले, युनबीला पंधराशे तीस. सोरिनला पंधराशे दहा.

“दहा गुण?” आईने निकाल तीनदा वाचला. “नववी चूक कुठून आणलीस? आपल्याला आठच दिल्या होत्या!”

“तेविसाव्याची. मी क लिहिलं.”

“का?”

“वाचलं म्हणून.”

आईने कपाळावर हात मारून घेतला. “एवढ्या मोठ्या पेपरात एकच उत्तर स्वतःच्या डोक्यानं दिलंस, आणि तेवढंच चुकलं!”

तरी ती आई होती. तिने त्या रात्री पहिल्यांदा तो परिच्छेद मुलीकडून वाचून घेतला, टोपीचे वाक्य दोनदा ऐकले आणि संस्थेला पत्र लिहायला बसली: मूळ उत्तर ‘क’ हेच खरे असून लेखक टोपी काढून उभा आहे याकडे कृपया लक्ष द्यावे.

उत्तर चार दिवसांत आले. ‘टोपीसंबंधीचा आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे. तथापि उमेदवाराच्या उत्तरपत्रिकेचे अवलोकन करता तिने इतर आठ अत्यंत सोपे प्रश्न चुकवल्याचे दिसते. त्यांपैकी एक साध्या बेरजेचा आहे. अशा उमेदवाराच्या आकलनावर विसंबून उत्तरसूची बदलणे उर्वरित तीनशे नव्व्याण्णव अभ्यासू विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे ठरेल. आपल्या मुलीने अधिक मेहनत करावी. शुभेच्छा.’

“आई,” सोरिन म्हणाली, “त्यांना कळव ना, त्या आठ मुद्दाम केल्या होत्या म्हणून.”

“कळवू? म्हणजे आज फक्त तुझं गेलंय, उद्या सगळ्यांचं जाईल. दोह्योनची आई आपल्याला देचीत राहू देईल?” तिने त्या कागदाची घडी घातली. मग तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. “एवढं खरं उत्तर दिलंस आणि सगळं घालवून बसलीस. बिचारी गं माझी पोर.”

“ब,” सोरिन म्हणाली.

“काय?”

“पर्याय ब. तुझं उत्तर बरोबर आलं, आई.”

पुढे सगळे रीतीप्रमाणे झाले. अकादमीने दारावर कापडी फलक लावला आणि त्यावर एकवीस नावे आली. वाचनाच्या तरुण शिक्षकांना पगारवाढ मिळाली, कारण त्यांच्या जांभईचा अर्थ संचालकांनी संमती असा लावला होता. चिकट मिठाई खाल्लेला मुलगा परदेशात दुसऱ्या वर्षाला आहे. संस्थेने सुधारित उत्तरसूचीसह तीच प्रश्नपत्रिका आणखी एका देशासाठी पेटीत घातली, आणि या खेपेला तीनऐवजी चार मोहरा लावल्या. सोरिनच्या धाकट्या भावाला गटात घेतले आहे. त्याला अकरा चुका मिळाल्या आहेत आणि आईने त्या एक शब्द न बोलता घेतल्या.

म्हणजे एकूण हिशोब असा जमतो: चारशे मुलांनी उत्तरे पाठ केली, बावीस आयांनी हात वर केले, एका संस्थेने नव्या प्रश्नपत्रिकेचा खर्च वाचवला, आणि या सगळ्याची किंमत दहा गुण झाली. ते दहाही एकाच मुलीच्या खात्यातून गेले, वाचल्याबद्दल.

वाचलेत तुम्हीही. तेव्हा जाता जाता प्रश्न एकच: सोरिनबद्दल तुम्हाला काय वाटते? तुमच्या मनात आत्ता ‘बिचारी’ आले असेल, तर काळजी नको. तुमचे उत्तर बरोबर आहे.