झाकणाच्या एका वाराची हकीकत

"ताई, झाकणावर लिहिलेला 'वार' म्हणजे घाव की सोमवार?"

ऐसा सवाल अस्मादिकांनी भर दरबारात केला, आणि तेणेकरोन भांडाभांडीच्या मुलुखात जो गलबला उठला, आणि आमचे हातचे बळ आमच्याच जिभेने कैसे गेले, आणि मग फत्ते कैसी जाहली, ती हकीकत आता सावधचित्ते ऐकावी.

भांडाभांडी हा ऑनलाइन खेळ. तेथे स्वयंपाकघरातील भांडी हीच हत्यारे. लाटणी, झारे, उलथणी घेऊन वीर परस्परांवर तुटोन पडतात आणि शेवटी उभा राहील त्याची फत्ते. त्या मुलुखी पितळी झाकण नामे अस्त्र प्रगट जाहले. वर्णन इतुकेच: "उचलल्यास एक वार झेलते." दैवयोगे ते बक्षिसात अस्मादिकांस लाभले, मग काय पुसता! एकदा उचलले की दिवसभर लाटणे लागेना, उलथणे टोचेना, मोठमोठे बहाद्दर येऊन आपटावे आणि नाक चोळीत परत जावे, आणि आम्ही आडोशास बिस्किटे खात बसावे.

आमचे थोरले बंधू दादा हे संघाचे सेनापती. त्यांनी येत्या स्पर्धेकरिता आम्हांस संघात जागा बहाल केली, परंतु सनदेत खोच ठेविली: "जागा झाकणाला दिलीये. तू फक्त ते धरून उभी राहा." हे शब्द काळजास झोंबले. तथापि जागा सोडवेना, कारण आजवर कोणी कोठल्याच संघात घेतले नव्हते.

ऐशात एके शनिवारी आम्ही हळूच संगणकास हात घातला, तो मागोन मातोश्रींचे फर्मान आदळले, "एकच वार खेळायचं ठरलंय ना? तुझा वार रविवार!" हे ऐकताच डोक्यात लख्ख उजेड पडला. वार! झाकण घाव मोजीतच नव्हते, ते आख्खा दिवस झेलीत होते!

मग दोघी जिवलग मैत्रिणींशी मसलत केली. थोरली म्हणाली, "गप्प बस गं बाई. तुझंच झाकण जाईल, आणि जागापण." धाकटी म्हणाली, "विचारच तू! वर्गात तर तुझ्या तोंडालाच झाकण असतं. आहे हिंमत?" आता ऐसे कोणी म्हटल्यावर मागे कोण हटतो?

रविवारी खेळ बनविणाऱ्यांचा खुला दरबार भरला. हत्यारांचा तोल राखणाऱ्या ताई जातीने पडद्यावर हजर, ऐकणारे हजारो. आमचा माइक सुरू जाहला, आणि सवाल तोंडातून सुटोन गेला. ताई थबकल्या. मग मान वळवून कोणास पुसत्या जाहल्या, "अरे, तू वार म्हणजे काय धरलंस?" मागोन उत्तर आले, "दिवस. का, काय झालं?" मग ताई ऐशा हसल्या की चष्मा काढोन डोळे पुसावे लागले. लिहिणारीने घाव लिहिला, कोड करणाऱ्याने दिवस वाचला, आणि सारा कारखाना महिनाभर लाटणीच बोथट म्हणोन त्यांस बोल लावीत बसला! तत्काळ हुकूम सुटला की येथोन पुढे झाकण एकच घाव झेलील आणि गळोन पडेल.

"झाकण गेलं!" आम्ही किंचाळलो.

"परत?" मातोश्री स्वयंपाकघरातून कडाडल्या. "नवीन डबा होता तो!"

दादांनी तेच दिवशी जागा खालसा केली. "झाकण नाही, तर तू नाही." तेव्हा आम्ही निर्वाणीचा खलिता धाडिला, की "दादा, पुढच्या रविवारी तूच ये समोर. बघू कोण नाही ते."

नेमल्या दिवशी दादा मोबाइल घेऊन पलंगावर आणि आम्ही संगणकापाशी, ऐसी मोर्चेबांधणी जाहली. दादा मोठे कावेबाज. लाटण्याने बारीक बारीक टोचे देऊ लागले, की घाबरोन झाकण उचलावे आणि वाया जावे. पूर्वीच्या आम्ही असतो तर उचललेच असते. परंतु झाकण काखेत दाबोन धरिले, पोचे सोसले, दोन चुकविले, तीन खाल्ले, आणि चिमूटभर जीव उरला. मग दादा ओरडले, "गेलीस!" आणि दोन्ही हातांनी लाटणे उगारोन जो मोठा घाव घातला, तो वरच्यावर, ऐन क्षणी, झाकणावर! ठण्ण! लाटणे थरारले, दादांचा तोल गेला, आणि आमची पळी त्यांच्या टाळक्यात बसली. दादा भुईसपाट.

"नेट गेलं होतं!" दादांनी आकांत केला.

"नेट मस्त चालू आहे," शेजारच्या खोलीतून बाबा म्हणाले. "मी मॅच बघतोय."

येणेप्रमाणे भर रविवारी, चहा उकळण्याच्या सुमारास, एका झाकणाने व एकाच वारात मोहीम सर जाहली. साक्ष बाबांची, नेट चालू असल्याबद्दल. लगोलग दादांनी जागा परत देऊ केली, आणि आम्ही ऐकोन घेतले, आणि थेट आईबाबांसमोर जाऊन उभ्या राहिलो.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी दादाच्या संघात जात नाहीये. आम्ही तिघी मैत्रिणी आपला संघ काढतोय. दादाला यायचं असेल तर येऊ दे, पण आधी चाचणी द्यावी लागेल. आणि आई, डब्याचं झाकण दप्तरातच आहे."