काकूंचा सौरवाऱ्याला विरोध

आमच्या परळच्या चाळीत शेजारच्या वसुधाकाकूंकडे वाटीभर साखर मागायला जा, आधी प्रश्न येतो: "अंतराळातली वीज खाली कशी आणायची, बोल!" गप्प राहिलात तर साखर मिळते. उत्तर द्यायला गेलात, तर साखरही नाही आणि चहाही नाही.

मूळ खटला नवऱ्याशी. माटुंग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या दिनूकाकांना सौरवाऱ्याचं वेड आहे. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा अखंड वाहत असतो. अंतराळात तांब्याची लांबच लांब तार सोडायची, तिच्यात वीज खेळवून चुंबक करायचा, वाऱ्यातले इलेक्ट्रॉन खेचायचे, की घ्या हवी तेवढी वीज! रोज संध्याकाळी गॅलरीत काका हे समजावतात आणि काकू लसूण सोलता सोलता त्याच्या चिंधड्या उडवतात.

"एवढ्या लांबून आणणार कशी? बादलीतनं?"

"लेझरने गं!"

"लेझर वाटेत पसरतो! काल तुम्हीच म्हणालात!"

"मी?" काका चपापतात आणि पुन्हा तारेपासून सुरुवात करतात.

हिंदमाताला साडी घेताना काकूंनी सेल्समनलाही साक्षीला ओढलं. "तूच सांग रे बाबा, येईल का वीज खाली?" तो बिचारा म्हणाला, "ताई, ह्याच्यात डार्क कलर पण आहे."

एकदा मी उत्साहाने मोबाइलवर शोधून काकूंच्या शंकेचं जंगी उत्तर आणलं. काकूंनी मला दारातच अडवलं. "मेल्या, ह्यांना सांगशील तर बघ! हल्ली लेकीचं नाव आठवत नाही रे ह्यांना. ती तार तेवढी आठवते. भांडण मिटलं तर आम्ही बोलायचं काय?"

मी मोबाइल खिशात घातला. तेव्हापासून मीही रोज काकूंच्या बाजूने ओरडायला जातो.

परवा काका तारेपर्यंत आले आणि थांबले. पुढचं काही केल्या सुचेना. ही बाई कोण, अशा चेहऱ्याने काकूंकडे बघत राहिले. काकूंनी लसणाचं ताट बाजूला सारलं, काकांचा हात हातात घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "मग त्या तारेत वीज खेळवायची. तिचा चुंबक होतो..." इलेक्ट्रॉन, लेझर, सगळं सांगितलं, एकही शंका न काढता.

मग माझ्यावर डाफरल्या, "बघत काय बसलास? विरोध कर ना! आज मी ह्यांच्या बाजूने आहे."