एक्क्याऐंशीव्या पानावरची बस

पुस्तकाच्या प्रकाशनाला पन्नास मिनिटं उरली असताना चॅसिस क्रमांक एकशे सदतीसची बस ट्रॅक्टरला बांधलेल्या अवस्थेत हॉलच्या आवारात शिरली. पुस्तकाच्या एक्क्याऐंशीव्या पानाप्रमाणे ती चोवीस वर्षांपूर्वीच भंगारात गेली होती.

लेखक सेड्रिक टकवेल खिडकीत उभे होते. पुढे इंजिन असलेल्या डेनिस लोलाइन या दुमजली बसच्या चॅसिस, म्हणजे सांगाडे, गिल्डफर्डच्या कारखान्यातून पुरत्या तीनशेही बाहेर पडल्या नाहीत. त्या प्रत्येकीचं पुढे काय झालं, हे शोधण्यात टकवेलांची बावीस वर्षं गेली होती. दोनशे बारा पानांत कागदी पुरावा नसलेलं एकच वाक्य होतं : 'एकशे सदतीसचे तुकडे होताना लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत.' त्या दिवशी पाऊस होता आणि लेखकाचे डोळे, लेखकासकट, भंगारवाल्याच्या समोरच्या पबमध्ये होते.

"कोंबड्या आहेत हो त्यात," त्यांची बायको बेरिल चहाची किटली ठेवत म्हणाली. "बघा, कशा उतरतायत भराभर."

लोलाइनचा तळ इतका खाली असतो की दारातून आत जायला वेगळी पायरी लागत नाही. या गुणावर टकवेलांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं. कोंबड्यांचा विचार त्यात राहून गेला होता.

ट्रॅक्टरवरून एक ठेंगणी बाई उतरून आत आली. "मी मिसेस गॉस्डेन. आमचे हे गेले मार्चमध्ये. पुस्तकाचं पेपरात वाचलं. म्हटलं, ही कुठली बस आहे ते जाणत्या माणसालाच विचारावं."

"जरूर," टकवेल म्हणाले. "कार्यक्रमानंतर सावकाश बघू."

"कार्यक्रमातच सांगा की. सगळ्यांना कळेल."

बाई चहाकडे वळल्या. मडगार्डवरचा पोचा टकवेलांनी केव्हाच ओळखला होता. पण चॅसिसवर कोरलेला क्रमांक इतर कोणी वाचला नाही, तर तो पोचा नुसता पोचाच राहणार होता. त्यांनी टेबलावरून वाडगा उचलला.

"लोणी कुठे चाललं?" बेरिलने विचारलं.

"आलोच."

"केकला काय लावू मग, तुमचं पुस्तक?"

टकवेल बसच्या पुढच्या चाकापाशी पाठीवर झोपून आत सरकले. आत आधीच कोणीतरी होतं. नुसत्या पायांवरून त्यांनी ओळखलं नसतं; पण टायवरचा चेहरा दिसला. बसप्रेमी मंडळाचे अध्यक्ष लेनर्ड पिनॉक. हातात स्ट्रॉबेरी जॅमची बाटली.

"तू इथे काय करतोयस?" टकवेल कुजबुजले.

"तुझ्यासारखंच. बाहेर माझी बस उभी आहे ना? तिची पाटी वाचलीस?"

पिनॉकांच्या लोलाइनच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : 'आपल्या तुकडीतली जगात उरलेली एकमेव.' एकशे सदतीस त्याच तुकडीतली होती.

"जॅम टिकायचा नाही," टकवेल म्हणाले.

"मग आधी तुझं लोणी लाव. वरून मी देतो."

दोघांनी बोटांनी एक, तीन आणि सात बुजवले. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी प्रथमच एकत्र काम केलं होतं.

तीन वाजता हॉल भरला. टकवेलांनी प्रस्तावना वाचली. चौथ्या वाक्याला मिसेस गॉस्डेननी हात वर केला. "आता सांगा, कुठली?"

"क्रमांक पुसट आहे," पिनॉक चटकन म्हणाले. "नक्की काही सांगता येणार नाही."

"बरं. ओळख पटली तर मंडळाला देऊन टाकणार होते. नाही पटली तर सोमवारी भंगारवाला येतोय, त्याला सांगते ने म्हणून."

पिनॉकांनी टकवेलांकडे पाहिलं आणि 'बोलू नकोस' अशी मान किंचित हलवली. टकवेलांनी पुस्तकाकडे पाहिलं. बावीस वर्षं. मग खिडकीबाहेर. भंगारवाला बसचे तुकडे करणार आणि एक्क्याऐंशीवं पान खरं होणार. फक्त दोन दिवस गप्प बसायचं होतं.

"एकशे सदतीस," ते म्हणाले. "मी पुस्तकात खोटं लिहिलंय. मी पाहिलं नव्हतं. मी पबमध्ये होतो. कोणीतरी येऊन सांगितलं, संपलं सगळं, जा घरी."

पिनॉक डोळे मिटून बसले होते.

"आमच्या ह्यांनीच सांगितलं," मिसेस गॉस्डेन शांतपणे म्हणाल्या. "भंगारवाल्याकडून कोंबड्यांसाठी घेत होते ती. पबमधला माणूस दर दहा मिनिटांनी विचारायला येतोय, गेला नाही तर बस हातची जाईल, म्हणायचे. जन्मभर टोचत होतं त्यांना."

"पण पुरावा?" पिनॉकांनी शेवटचा प्रयत्न केला. "क्रमांक तर पुसट—"

"दिसतोय की स्वच्छ," बाहेर बघून आलेलं कोणीतरी दारातून म्हणालं. बसखाली चार कोंबड्या लोणी आणि जॅम संपवून चोची पुसत होत्या.

त्या दिवशी टकवेलांनी प्रत्येक प्रतीवर सही पहिल्या पानावर न करता एक्क्याऐंशीव्या पानावर केली. तिथे 'स्वतःच्या डोळ्यांनी' खोडून वर 'पबमधून' लिहिलं. रांग दारापर्यंत गेली.

ती ओसरल्यावर पिनॉक टेबलापाशी आले आणि बेरिलजवळ हळूच वाकले.

"जॅमची दुसरी बाटली आहे का? पाटीवरचा एकच शब्द झाकायचाय."