संरक्षित यादीतले अप्पा

वीजकंपन्यांच्या बाबतीत मला कोणी गंडवू शकत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. का सांगू नये? आमच्या शहरात वीज विकणाऱ्या नऊ कंपन्या आहेत. या नऊजणींनी ग्राहकाला लुबाडू नये म्हणून सरकारने जे नियामक कार्यालय थाटलंय, त्याच्या ग्राहक संरक्षण कक्षात मी एकवीस वर्षं खुर्ची झिजवतोय. निम्मे नियम माझ्या हातचे. दारावर एजंट आलाच, तर मी त्याला एवढे नियम ऐकवतो की तो पाणीसुद्धा न पिता जातो!

म्हणूनच स्वस्त कंपनी दिसताच मी पाच मिनिटांत, फोनवरच, कंपनी बदलून टाकली. अप्पांच्या मशीनचं एकदा विचारून घ्या, असं बायको म्हणाली. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकल्यापासून ते श्वासाच्या मशीनवर आहेत, आणि मशीन विजेवर. अशी घरं संरक्षित यादीत असतात आणि पर्यायी सोय केल्याशिवाय त्यांची वीज तोडता येत नाही, हे मी तिला नियमाच्या क्रमांकासकट ऐकवलं. ती "बरं" म्हणून आत गेली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सोमवारी नव्या कंपनीचं पत्र आलं. गुरुवारी मीटर बदलणार, दहा ते चार वीज बंद. मी फोन लावून आवाज चढवला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, की आमचं घर यादीत नाही, आणि नियम सतरा-क वाचून दाखवला: कंपनी बदलताच जुनी नोंद आपोआप रद्द होईल, ग्राहकाने नव्याने अर्ज करावा, छाननीस पंधरा दिवस लागतील.

 भाषा ओळखीची होती. यादीत मेलेल्यांची नावं साचतात म्हणून साहेबांनी एक कलम मागितलं होतं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत मी ते खरडलं होतं.

मीटरची तारीख पुढे ढकलायची, तर दहा दिवस आधी कळवावं लागतं. हाही माझाच नियम! कंपनीची बॅटरी मागितली, तर ती फक्त यादीतल्या घरांना मिळते. मंगळवारी मी आमच्याच कार्यालयाच्या खिडकीत रीतसर तक्रार दिली. बुधवारी सकाळी ती माझ्याच टेबलावर येऊन पडली. स्वतःची तक्रार स्वतः निकाली काढता येत नाही, म्हणून मी ती शेजारच्या बाईंकडे सरकवली. बाई रजेवर होत्या आणि त्यांचा कार्यभार माझ्याकडे होता. शेवटी साहेबांकडे गेलो. साहेबांनी सतरा-क दोनदा वाचला आणि मसुदा फार सुरेख जमलाय, पळवाट म्हणून ठेवली नाही, असं माझं कौतुक केलं. इतकं रडू मला लग्नानंतर पहिल्यांदाच येत होतं.

गुरुवारी सकाळी अप्पांना घेऊन टॅक्सीने ऑफिस गाठलं. सोबतचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर अर्धा तास पुरतो, आणि वाटेत सगळे सिग्नल लाल लागले. माझ्या टेबलामागच्या भिंतीत एकच प्लग आहे. तिथली चहाची किटली काढून मी अप्पांचं मशीन लावलं. ते घरघरायला लागलं, तेव्हा कुठे माझा श्वास सुरू झाला.

तासाभराने अप्पा कंटाळले. त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातलं 'ग्राहकांचे हक्क' हे पत्रक उचललं आणि चष्मा नाकावर घेऊन पहिल्या ओळीपासून वाचलं. सतरा-क या नियमापाशी ते थांबले. तेवढाच पुन्हा वाचला.

"हे कोणी लिहिलंय रे?"

"का हो, अप्पा?"

"त्याच्या घरात म्हातारं माणूस नसणार." मशीनने दोन श्वास घेतले, मग ते म्हणाले, "तुमच्याच ऑफिसातला असेल, तर तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतात ना इथे?"

मी हो म्हणालो. मग टेबलाखाली वाकलो आणि प्लग नीट बसलाय की नाही ते बघितलं. तो नीटच बसला होता, तरी मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.