सोनकांबळे मामांचं अर्धं सूत

सोनकांबळे मामा घरी येऊन गेले की आमच्या दारातल्या सगळ्या चपला उलट्या पडलेल्या असत. माझ्या, ह्यांच्या, सासूबाईंच्या आणि त्या वेळी कुणी पाहुणा आलेला असेल तर त्याच्याही. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण त्यांना चपलेचा तळ बघायचा असे. उंबऱ्याशी उकिडवं बसायचं, एकेक चप्पल उलटी करायची, टाचेवरून अंगठा फिरवायचा आणि ती तशीच ठेवून पुढची उचलायची. सगळ्या बघून झाल्या की मग आत येऊन म्हणायचं, "चहा टाका बाई."

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सासूबाईंचं तोंडही पाहिलं नव्हतं. आत आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "त्या करड्या चपला कुनाच्या हायत त्यांनी डावा गुडघा डाक्टरला दावून घ्यावा. टाच बाहीरनं लई झिजलीय."

"माझ्या गुडघ्याचं माझं मी बघीन," सासूबाई कडाडल्या. "तुम्ही आधी चपला सरळ करा!"

उलट्या चपलांनी आपलं काम चोख केलं. त्या दिवशी आमच्या घरात जे भांडण झालं ते आठवडाभर पुरलं. पण महिन्याभरात सासूबाईंचा डावा गुडघा टम्म सुजला आणि डॉक्टरांनी मामांचंच वाक्य शुद्ध मराठीत सांगितलं. तेव्हापासून मामा येणार असले की सासूबाई स्वतःच आपल्या चपला उलट्या करून ठेवू लागल्या.

मामा आमच्या लातूरच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतात. मूळचे चाकूरकडचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात कृत्रिम पाय बनवले. कुणाचा ट्रॅक्टरखाली गेलेला, कुणाचा साखरेच्या आजारानं काढलेला. मोठ्या प्लास्टिक पाइपाचा तुकडा तापवायचा, साच्यावर ओढायचा, खाली रबरी पाऊल बसवायचं आणि माणसाला दोन दांड्यांच्या मधे उभं करून म्हणायचं, "चल." माणूस रडत असे, हसत असे, देवाचं नाव घेत असे. मामांचं लक्ष त्याच्या टाचेवर. "तोंड खोटं बोलतंय, टाच न्हाई," हे त्यांचं वाक्य मी निदान हजार वेळा ऐकलं असेल. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी खिशातली पट्टी गेली नाही. सगळी मापं अजून सुतात. एका इंचात आठ सूत असतात, हे मराठी शिकवणाऱ्या मला त्यांच्याकडूनच कळलं.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. अशा एकट्या माणसाच्या घरात एका फळीवर बुद्धाची मूर्ती असावी, तशी होती. पण तिच्या खालच्या तीन फळ्यांवर खेळणी होती. साध्या बाहुल्या, तलवारवाले, पंखवाले, अंगाला चिलखत घातलेले वीर. आणि एकूण एक वीर लंगडा! प्रत्येकाचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला आणि तिथं पाइपाचा बारीक पाय बसवलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच घाबरले. चांगली नवी खेळणी आणायची आणि त्यांचे पाय तोडायचे, हा काय छंद झाला? गल्लीतल्या बायका तर आपली लेकरं त्यांच्या ओट्यावर जाऊ देत नसत. मामांना विचारलं तर म्हणायचे, "जमंना अजून. करायलोय." काय जमत नाही ते मात्र सांगत नसत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या मुलांनी कॉमिक्सचा मेळा भरवला. जागा मिळाली ती एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच होती, 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत मुलं कपडे बदलत होती आणि जेवणाच्या हॉलमध्ये मुखवटे कपाळावर सारून चार-पाच महावीर कागदी बशीतून चुरमुऱ्यांचा सुशीला खात होते. मुलांनी गळ्यात मारलेली दोन तिकिटं होती. ह्यांनी साफ नकार दिला म्हणून मी मामांना घेऊन गेले. दारात चपला काढायच्या नव्हत्या, त्यामुळं ते जरा हिरमुसले होते.

एका कोपऱ्यात हैदराबादहून आलेल्या एका विक्रेत्याचा स्टॉल होता. नव्या मूर्ती, प्रत्येक आपापल्या खोक्यात, पुढं पारदर्शक खिडकी. ही खेळायची खेळणी नव्हेत, जमवायची. शौकीन लोक ती विकत घेतात आणि खोकं जन्मात उघडत नाहीत. मुलं हात पाठीमागं बांधून, देवळात उभं राहावं तशी रांगेनं बघत होती. मामा आपले एकेका खिडकीपाशी वाकून गुडघे तपासत चालले होते. "सांधा बरा हाय. ह्याचा न्हाई. ह्यो पडंल."

आणि एका खोक्यापाशी ते थांबले.

आत एक मुलगी होती. वीतभर उंच, कुठल्याशा आकाशातल्या टोळीची सरदारीण, केस वाऱ्यावर, हातात भाला. तिचा डावा पाय गुडघ्याखाली धातूचा होता. कापून बसवलेला नव्हे. कारखान्यातूनच तशी घडवलेली. खोक्यावरच्या चित्रातही तसाच पाय.

मामांनी खिडकीला डोळा लावला. मग म्हणाले, "बाई, हे कुनी मोडलेलं न्हाई ना? तुमी बगा. माजे डोळे आता…"

मी पाहिलं. म्हटलं, "नाही मामा. बनवलीच तशी आहे."

त्यांनी ती घेतली. किंमत ऐकून मी दचकले, मामांनी ती ऐकलीच नसावी. पैसे दिले आणि तिथंच खोक्याच्या झाकणाला नख लावलं. विक्रेता ओरडलाच. "चाचा, नक्को! डब्बा खुला तो कीमत गई!"

"मेरेकू लडकी होना, डब्बा नको," मामा म्हणाले आणि टर्रकन खोकं फाडलं.

मागून मुलांचा असा उसासा आला, जणू मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट फाटला. मामांनी सरदारीण हातात घेतली आणि तिचं तोंड न बघताच तिला उलटी केली. धातूच्या टाचेवर अंगठा फिरवला. पट्टी काढली. डोळे बारीक केले.

"अर्धं सूत उंच हाय टाच," ते म्हणाले. "कंबर तिरपी पडती. कानस मारली की दोन मिन्टाचं काम."

आणि एवढं बोलून तिथल्याच एका लाल खुर्चीवर बसून ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. एका मुखवटेवाल्यानं पाणी आणून दिलं.

मग त्या खुर्चीवरच त्यांनी मला सांगितलं. नोकरीतल्या मधल्या वर्षांत मुखेडकडची एक सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडं आली होती. अश्विनी. ट्रॉलीखाली डावा पाय गेलेला. मामांनी पाय बनवला, तिनं फेकला. दुसरा बनवला, तोही फेकला. म्हणाली, माझ्यासारखी दुसरी कुणीच नाही, बाहुलीसुद्धा नाही. मामांनी बाजारातून बाहुली आणली, रात्रभर बसून तिचा पाय कापला, पाइपाचा बारीक पाय बसवला आणि सकाळी तिच्या हातात ठेवली. तिनं नीट बघितली आणि परत दिली.

"म्हनली, मामा, ही तुमी मोडलीय. मला मोडलेली नको. अशीच असलेली पायजे." मामा सरदारणीच्या भाल्याकडं बघत होते. "लेकरू खरं बोललं, बाई. मी म्हनलं, आनीन. पर तवर तू पाय घालशील का? म्हनली, घालीन. चार-पाच वर्षं येत राहिली. वाढत्या लेकराचा पाय, दरसाली नवा करावा लागतो. मंग यायची बंद झाली. मुखेडला शाळेत बाई झाली म्हने, पेशंटच सांगतेत."

"मग तुम्ही कधी गेला नाहीत? इथून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं."

"लेकीकडं मोकळ्या हातानं जात्येत व्हय?" ते म्हणाले. मग हळूच पुढं बोलले, "आन म्या माजा शब्द पाळला न्हाई. तिनं तिचा कशापाई पाळावा? गेलो आन दारात कुबड्या दिसल्या तर?"

फळीवरच्या सगळ्या लंगड्या वीरांचा अर्थ मला तेव्हा लागला. न मोडल्यासारखं मोडता येतं का, हे तो माणूस इतकी वर्षं करून बघत होता. आणि आम्ही त्याच्या ओट्यावर लेकरं जाऊ देत नव्हतो. मला माझीच लाज वाटली.

रविवारी जायचं ठरलं. मधले पाच दिवस मामांनी कसे काढले ते मी पाहिलंय. सरदारीण फळीवर, बुद्धाच्या शेजारी. कानस खालच्या खणात. रोज ते खण उघडायचे, कानस काढायचे, बाहुलीकडं बघायचे आणि कानस परत ठेवायचे. शुक्रवारी ती कानस त्यांनी आमच्या घरी आणून दिली. "तुमच्याकडं ठिवा. माजा हात लागला की ती मोडलेली झाली."

एसटी चाकूरवरून गेली तरी त्यांनी गावाकडं मान वळवली नाही. बाहुली धुतलेल्या उपरण्यात गुंडाळून मांडीवर. मुखेडला उतरून आम्ही घर विचारत गेलो. 'त्या शाळेतल्या बाई' म्हटल्यावर लगेच सापडलं. दार उघडं होतं, आत रेडिओ लागला होता. कुबड्या कुठं दिसल्या नाहीत. दारात एक सॅण्डलचा जोड होता, मागून पट्टा असलेला, जुना.

मामा उकिडवे बसले. त्यांनी आधी उजवी सॅण्डल उलटी केली, मग डावी. डाव्या टाचेवर अंगठा फिरवला, उजवीवर फिरवला, पुन्हा डावीवर.

"बाई, बगा," ते म्हणाले. "दोनी सारक्या झिजल्यात."

पाय कदाचित दुसऱ्याच कुणी बनवलेला असेल. पण ती चालत होती, रोज चालत होती, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. सात वर्षांच्या पोरीनं दिलेला शब्द त्या टाचांवर लिहिलेला होता. मामांनी सॅण्डल सरळ केल्या आणि जोडीनं नीट लावून ठेवल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं करताना पहिल्यांदा पाहिलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला आणि पाठोपाठ ती आली. तिशीतली बाई, बोटाला वह्या तपासायची तांबडी शाई लागलेली. दारात उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याकडं तिनं क्षणभर पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"मामा?" ती म्हणाली. "अजून लोकांच्या चपलाच बघता?"

मामांनी बसल्या बसल्याच उपरणं सोडलं आणि बाहुली वर धरली.

"मोडलेली न्हाई, अश्विनी. अशीच हाय."

ती त्यांच्यासमोर उंबऱ्यावर बसली. बाहुली घेतली आणि तोंड बघायच्या आधी सरळ उलटी केली. धातूच्या टाचेवर अंगठा फिरवला. डोळे भरले होते तरी बारीक केले.

"टाच जराशी उंच आहे, मामा."

"हाव, अर्धं सूत," मामा म्हणाले. "पर म्या हात लावला न्हाई."